चौथ्या मजल्यावरचे नातेवाईक

३ मार्च, सोमवार

व्यवस्थापक मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं परत चादरींचाच विषय असणार. पण निघालं भलतंच. हॉस्पिटलने ठरवलंय की चौथ्या मजल्यावरच्या आमच्या दीर्घ आजाराच्या वॉर्डात प्रत्येक धर्माचा एकेक माणूस पेशंटना धीर द्यायला येत जाईल. त्याला गळ्यात घालायचा पास मिळेल आणि भेटीची वेळ नसली तरी आत सोडतील.

"बौद्धांचा माणूस तुम्ही सुचवा, सिस्टर. तुम्ही त्यांच्यातल्याच ना?"

मी म्हटलं, आमची गावात तीन केंद्रं आहेत.

"मग तिघांनी मिळून एक नाव द्या. पंचवीस तारखेपर्यंत. त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं हे त्यांना कसं समजावणार? आमचं केंद्र सायकलच्या दुकानावर आहे. आम्ही शांत बसतो, श्वासाकडे लक्ष ठेवतो. भन्ते आठवड्यातून एकदा थोडंसं बोलतात, बस. बेकरीला लागून नामवाल्यांचा हॉल. ते अमिताभ बुद्धाचं नाव तासन्‌तास मोठ्याने घेतात. त्यांच्या प्रमुख निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, सगळं गाव त्यांना हेडबाई म्हणतं. आणि नदीकडच्या रस्त्यावर लामाजी, त्यांच्याकडे घंटा, ढोल, भिंतभर रंगीत चित्रं. तिघे रस्त्यात भेटले तर हात जोडतात, आणि चार पावलं पुढे गेल्यावर मान हलवतात.

मी पूर्ण तटस्थ राहायचं ठरवलंय. कागदावर भन्तेंचं नाव पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे, पण ते फक्त सुरुवात म्हणून.

६ मार्च, गुरुवार

पहिली बैठक आमच्या नर्सेसच्या चहाच्या खोलीत झाली. झाली म्हणजे काय, तिघे आले आणि चहा पिऊन गेले.

भन्ते म्हणाले, मरणाऱ्या माणसाला शांतता हवी असते, बुद्धांनी शिकवलेला मूळ मार्ग तोच आहे. हेडबाई म्हणाल्या, शांतता तर शवागारातही असते. शेवटच्या क्षणी कानावर नाम पडलं पाहिजे. लामाजी हसत म्हणाले, दोन्ही ठीक आहे, पण माणूस गेल्यावर पुढची वाट कोण दाखवणार? ती त्याच्या कानात वाचून दाखवावी लागते, आणि वाचणाऱ्याला परंपरेने अधिकार मिळालेला असावा लागतो.

"म्हणजे आमचं अनधिकृत," हेडबाई म्हणाल्या.

"मी तसं म्हटलं नाही."

"अर्थ तोच."

मी मध्ये पडून म्हटलं की सगळ्याच पद्धती चांगल्या आहेत, मात्र मूळची कोणती यावर अभ्यासकांचं साधारण एकमत आहे. त्यावर हेडबाईंनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं की मला गृहपाठ विसरल्यासारखं झालं. मी काही चूक बोलले असं मला वाटत नाही. ती वस्तुस्थिती आहे.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "तुमचं नक्की भांडण कशावरून आहे ते एका वाक्यात सांग." मी सांगायला लागले. जेवण झालं, भांडी झाली, ओटा पुसून झाला, तरी माझं वाक्य संपेना. हे म्हणाले, "जाऊ दे. गळती कुठे आहे तेच सापडत नाहीये." प्लंबरशी लग्न केल्यावर असंच ऐकावं लागतं.

११ मार्च, मंगळवार

एक तोडगा सुचला. कोपऱ्यातल्या खोलीत घड्याळवाले काका आहेत. बाजारात त्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं. आजार हाडांपर्यंत गेलाय, डॉक्टरांनी आता फक्त दुखणं कमी ठेवा म्हणून सांगितलंय. भरतीच्या वेळी धर्म बौद्ध सांगितलाय. तिघांनी त्यांना एकेकदा भेटावं आणि त्यांना ज्यांचं भावेल त्यांचं नाव द्यायचं. मॅडमनी पंधरवड्यासाठी तात्पुरते पास दिले.

आज पहिले भन्ते गेले. मी सलाईन बघत तिथेच होते. भन्तेंनी विचारलं, घरी कोणती साधना होती? काका म्हणाले, "आठवत नाही बुवा." भन्ते थोडा वेळ डोळे मिटून बसले, मग नमस्कार करून उठले. बाहेर मला म्हणाले, यांना विशेष ओढ दिसत नाही. मी जरा हिरमुसले.

काका मला म्हणाले, "सिस्टर, बसा ना जरा. सारख्या पळत असता." मी म्हटलं, काका, अजून चार पेशंटची कूस बदलायची आहे. खरंच होती. आणि त्यानंतर मला बैठकीच्या निरोपाचे फोन करायचे होते.

१४ मार्च, शुक्रवार

हेडबाई जिंकल्यासारख्या बाहेर आल्या. काकांनी त्यांना सांगितलं की त्यांची आई रोज झोपताना अमिताभाचं नाव घ्यायची आणि पुटपुटता पुटपुटता तिथेच झोपायची. हेडबाई दोन तास बसल्या होत्या. उद्या परत येणार आहेत.

माझा विश्वास बसेना. भन्तेंना तर ते आठवत नाही म्हणाले होते. मी फोन करून भन्तेंना कळवलं. फक्त माहिती म्हणून. भन्ते म्हणाले, "असं? मग मी पुन्हा एकदा येऊन बघतो."

१९ मार्च, बुधवार

लामाजी तीनदा येऊन गेले. काकांच्या आईकडे एक छोटी पितळी घंटा होती म्हणे, ताप आला की ती उशाशी वाजवायची. लामाजींनी आपली घंटा आणली. शेजारच्या खाटेवरचे ट्रकवाले मामा (माकडहाड मोडून आलेत, बौद्ध वगैरे काही नाहीत) म्हणाले, "जेवण आलं का?"

भन्तेही दोनदा आले. काकांना आता आठवलंय की आई त्यांना मांडीवर घेऊन श्वासाकडे बघायला शिकवायची. मला भरून आलं. शेवटी सत्य वर येतंच.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी, काका सुधारल्यासारखे वाटतात. भूक लागते. परवा दाढी करून मागितली. सकाळी मी ड्रेसिंग करत असताना विचारत होते, "आज कोणाची पाळी?"

२२ मार्च, शनिवार

आजचा दिवस डोक्यात जाळ करून गेला.

निर्णयासाठी चहाच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. काकांच्या मुलीलाही बोलावलं, कारण शेवटी घरच्यांचं म्हणणं महत्त्वाचं. ती पोहायला शिकवते, आली तेव्हा केस ओलेच होते. आधी भन्तेंनी सांगितलं, मग हेडबाईंनी, मग लामाजींनी. एकच आई आणि तीन परंपरा. प्रत्येकजण ऐकता ऐकता दुसऱ्याकडे असा बघत होता जणू समोरच्याने पेशंटला पढवलंय. हेडबाईंनी तसं बोलूनही दाखवलं.

मुलगी म्हणाली, "तुम्ही कोणाच्या आईबद्दल बोलताय?"

मी म्हटलं, तुमच्या आजीबद्दल.

"आजी गेली तेव्हा बाबा रांगत होते. त्यांना आजीचा चेहरासुद्धा माहीत नाही. घरात फोटोही नव्हता." मग तिने तिघांकडे बघितलं. "आमच्या घरी कधी कोणी काही म्हटलेलं मी ऐकलं नाही. आम्ही बौद्ध आहोत, एवढंच माहीत होतं."

लामाजी उठले, हात जोडले आणि गेले. हेडबाई म्हणाल्या, मरणाच्या दारात उभा राहून जो माणूस खोटं बोलतो त्याच्या कानात नाम घालून काय होणार? भन्ते म्हणाले, जिथे प्रामाणिक इच्छाच नाही तिथे बसणं व्यर्थ आहे. या तिघांचं इतक्या दिवसांत पहिल्यांदा कशावर एकमत झालं असेल, तर ते यावर.

मुलगी दारात मला म्हणाली, "सिस्टर, हे बाबांना भेटायला यायचे की जागा धरायला?" तिचा राग मी समजू शकते, पण तिला सगळी पार्श्वभूमी माहीत नाही.

मी तडक काकांकडे गेले. "काका, खोटं का बोललात?"

ते छताकडे बघत होते. "पहिल्या दिवशी खरंच सांगितलं होतं की. तर ते उठून गेले."

"म्हणून काय वाटेल ते सांगायचं?"

"तुम्ही सगळे इतक्या आवडीने विचारत होता. आई कशी होती, काय म्हणायची. मला आजवर कोणी विचारलं नव्हतं." मग चादर वर ओढत, "मलाही ऐकायला बरं वाटत होतं."

मी नाडी बघितली आणि निघून आले. माझे पंधरा दिवस पाण्यात गेले. त्याचं कोणाला काहीच नाही.

२५ मार्च, मंगळवार

मॅडमनी आज विषय संपवला. एक नाव मिळालं नाही म्हणून आमची जागा रद्द, तात्पुरते पासही परत घेतले. इतर धर्मांचे लोक निळे पास घालून फिरतात आणि आमच्या पेशंटकडे फक्त नातेवाईक येऊ शकतात, तेही चार ते सहा. मॅडम म्हणाल्या, "मला वाटायचं, तुम्ही लोक फार शांत असता."

खरं तर बोलायला पुष्कळ होतं. हेडबाईंनी पहिल्या दिवसापासून सूर लावला नसता तर हे झालं नसतं. लामाजींनी ते अधिकाराचं काढलं नसतं तर हे झालं नसतं. भन्ते बिचारे मध्ये भरडले गेले. मनात हेच घोळत राहिलं आणि औषधांच्या ट्रॉलीचं चाक दारात अडकवून बसले.

काका जेवले नाहीत.

२८ मार्च, शुक्रवार

काकांची तब्येत उतरलीय. पाठीला फोड आलेत. आम्ही वेळच्या वेळी कूस बदलतो, तरी आलेत, अंगात काही राहिलंच नाही. बोलणं कमी झालंय. दाराशी पावलं वाजली की डोळे उघडतात आणि आलेल्या माणसाला बघून परत मिटतात. बहुतेक वेळा आलेला माणूस मी असते.

ड्युटी संपल्यावर सायकलच्या दुकानावरचा जिना चढले. भन्ते हॉल झाडत होते. मी सांगितलं, काका फार दिवस काढणार नाहीत, तुम्ही या.

"मी एकटा आलो तर ते दोघे म्हणतील, मी संधी साधली."

"म्हणू देत."

"शिवाय त्यांची श्रद्धा..."

मी आजवर भन्तेंचं बोलणं मध्ये तोडलं नव्हतं. आज तोडलं. "भन्ते, त्यांच्या पाठीची साल निघतेय. मी रोज धुते. श्रद्धा कुठे आहे ते मला नाही सापडलं अजून." बोलून गेले आणि जीभ चावली. भन्ते केरसुणी धरून उभेच राहिले. मी जिना उतरले.

नामवाल्यांकडे आणि लामाजींकडे मी जाणार नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे.

हे जेवताना विचारत होते, "तुमचा तो घड्याळवाला कसा आहे?" सगळं सांगितलं. ह्यांनी फक्त हं केलं.

३१ मार्च, सोमवार

आज जे झालं ते लिहून काढल्याशिवाय झोप लागणार नाही.

चार वाजता वॉर्डच्या दाराशी गलका ऐकू आला. बघते तर हेडबाई, लामाजी आणि त्यांच्या मागे दोन हात अंतर ठेवून भन्ते. नंतर कळलं की ह्यांनी कालच बेकरीशेजारच्या हॉलचा तुंबलेला नळ मोकळा केला आणि हेडबाईंना सगळं सांगून टाकलं. मला न विचारता. हेडबाईंनी मग लामाजींना फोन केला. भन्ते आपले आपण आले होते, त्या दोघांना जिन्यात भेटले.

दाराशी सिक्युरिटीवाला नवा होता, नियमाला पक्का. "फक्त नातेवाईक. पेशंटशी नातं?"

हेडबाई म्हणाल्या, "बहीण." एवढ्या सहज की मलाही क्षणभर खरं वाटलं.

"आणि हे?"

लामाजी पासष्टीचे, अंगावर लाल वस्त्र, डोक्याचा चकोट. म्हणाले, "भाचा."

सिक्युरिटीवाल्याने वरपासून खालपर्यंत बघितलं. पण पुढे काही विचारलं नाही. मग भन्तेंकडे वळला. "तुम्ही?"

त्यांनी खोटं बोलणं शक्यच नाही. ते म्हणाले, "मी त्यांचा कोणी नाही."

"मग आत नाही जाता येणार."

भन्ते मागे वळले. पाऊल उचललंही होतं. तेवढ्यात हेडबाई वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाल्या, "अहो, धाकटा भाऊ आहे माझा. लहानपणापासून असाच आहे. घरच्यांवर रुसला की कोणी नाही म्हणतो."

सिक्युरिटीवाल्याने माझ्याकडे बघितलं. वॉर्डची प्रमुख मी, माझ्या शब्दावर सगळं. खोटं न बोलण्याचं शील मी दर रविवारी केंद्रात नव्या लोकांना समजावून सांगते. आज माझी मान आपोआप हलली. होय अशी.

भन्तेंनी हेडबाईंकडे बघितलं. आभार मानायला हवे होते असं मला वाटतं, पण ते म्हणाले, "मी तुमच्यापेक्षा मोठा आहे."

"वाटत नाही," हेडबाई म्हणाल्या आणि आत चालू लागल्या.

काकांनी पावलांच्या आवाजाला डोळे उघडले. ते बराच वेळ मिटले नाहीत.

१ एप्रिल, मंगळवार

काका दुपारी गेले.

आज सकाळपासून श्वास तुटत होता म्हणून मुलीला लवकर बोलावून घेतलं होतं. मॅडम सुट्टीवर होत्या. मी तिघांना वेळेआधीच आत घेतलं, याबद्दल कोणी विचारलं तर काय उत्तर द्यायचं ते अजून ठरवलेलं नाही. हेडबाई हळू आवाजात नाम घेत होत्या. लामाजी उशाशी वाकून काहीतरी वाचत होते. भन्ते पायाकडे बसले होते. माझ्या मनात होतं की निदान शेवट तरी शांत व्हावा.

खिडकीवरून सुरू झालं. खाली रस्त्यावर ट्रकची रांग लागली होती. हेडबाई म्हणाल्या, खिडकी लावा, नाम कानावर पडत नाही. लामाजी म्हणाले, लावू नका, हवा हवी. भन्ते म्हणाले, आवाज आला तर येऊ द्यावा, आपण चिडू नये. हेडबाई म्हणाल्या, मी चिडलेली नाही. लामाजी म्हणाले, थोड्या चिडल्या आहात. मग खिडकी अर्धी लावावी का यावर बोलणं गेलं. अर्ध्या खिडकीची कडी लागत नाही, आपटत राहते, हे मी सांगत होते. या वॉर्डात मी इतकी वर्षं आहे, मला माहीत आहे. भन्तेही वळून कडीकडेच बघत होते.

मुलगी म्हणाली, "सिस्टर."

तिने मनगट धरलं होतं. आम्हा चौघांपैकी एकालाही कळलं नाही.

मी सगळं तपासलं, डॉक्टरांना बोलावलं, नळी काढली. मग नवीन सुरू. हेडबाई म्हणाल्या, आता कित्येक तास हात लावायचा नाही. लामाजी म्हणाले, डोक्याशी तर अजिबातच नाही. भन्ते म्हणाले, असं मूळ ग्रंथांत कुठेही नाही. आणि मी म्हटलं, खाट मोकळी करायचा हॉस्पिटलचा नियम आहे. चौघेही एकदम मुलीकडे बघायला लागलो.

ती म्हणाली, "तुम्ही बसा त्यांच्याजवळ थोडा वेळ. काही म्हणा किंवा म्हणू नका. मी चहा पिऊन येते."

मी तिच्यामागे बाहेर गेले. म्हटलं, माफ करा, असं व्हायला नको होतं, शेवटच्या क्षणी भांडण.

तिने कप दोन्ही हातांत धरला होता. "दुकानात दोन गिऱ्हाइकं हुज्जत घालायला लागली ना, की बाबा डोळ्यावरचं भिंग काढून ऐकत बसायचे. काम थांबवून. आई ओरडायची. नंतर घड्याळं दुरुस्त करायला कोणी येईना. बाबा दिवसभर दुकान उघडून बसायचे तरी." तिने एक घोट घेतला. "खिडकीचं चाललं होतं तेव्हा त्यांनी माझा हात दाबला. मला वाटतं, हसले. नक्की नाही सांगता येणार."

दुःखात माणसाला काहीबाही दिसतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मला अजूनही वाटतं की शांततेत झालं असतं तर बरं झालं असतं.

३ एप्रिल, गुरुवार

काल रजा घेतली होती. अंत्यविधी झाला. कोणी आधी म्हणायचं यावरून तिथेही थोडं झालंच, त्याबद्दल लिहायची ताकद नाही.

आज वॉर्डात गेले तर कोपऱ्यातल्या खोलीत नवी चादर घातलेली होती आणि खाट रिकामी. ट्रकवाले मामा भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी त्यांचा रक्तदाब बघायला पट्टा गुंडाळला.

"सिस्टर, ती तुमची भांडकुदळ मंडळी आज नाही येणार?"

म्हटलं, मामा, त्यांचा पेशंट गेला. आता कशाला येतील?

"नाही, म्हटलं त्या बाईंना कोणीतरी सांगायला पाहिजे. खिडकी उघडीच हवी होती. तो लाल कपड्यातला बरोबर होता."

मी म्हटलं, त्याला आता काय अर्थ आहे? मामा म्हणाले, "अर्थ आहे. मी इथेच पडलोय ना अजून."

रक्तदाब ठीक होता. बाकीच्या खाटा झाल्या, दुपारची औषधं झाली. माझ्या डोक्यातून ते जाईना, म्हणून शेवटी हेडबाईंना फोन लावला आणि मामांचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं.

पलीकडे मागे बेकरीचा आवाज येत होता.

"कोण म्हणतं उघडी हवी?" हेडबाई म्हणाल्या. "त्यांना म्हणावं, थांबा. आलेच मी. आणि त्या लामांनाही घेऊन येते, समोरासमोर होऊन जाऊ दे."

मी म्हटलं, फक्त नातेवाईकांना सोडतात.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी भन्तेंनाही कळवलं. फक्त माहिती म्हणून.